साधा फोटो निर्दोष, तरी खुबा आजारी



मागच्या अंकातील जमाखर्चात ‘रुग्णांची एमआरआय तपासणी’ अशी एक ओळ होती. ती वाचून राजोडीतील एका ज्येष्ठ सभासदांनी रविवारी मिस्सानंतर मला चर्चच्या आवारातच थांबवले. म्हणाले, “ताई, सरकारी दवाखान्यात एक्स-रे जवळजवळ फुकट निघतो. तो काढला होता, त्यात काही निघाले नाही असेही तुम्हीच सांगता. मग पुन्हा हजारो रुपयांचा फोटो कशाला?” प्रश्न रागाचा नव्हता. दिलेल्या पैशाचा हिशेब विचारणे हा देणाऱ्याचा हक्कच आहे. पण उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहे.

ज्याच्यासाठी तो खर्च झाला तो तानसा नदीपलीकडच्या एका पाड्यावरचा, तिशीतला वारली भाऊ. पावसाळ्यात भातशेती, दिवाळीनंतर वीटभट्टी, मधल्या दिवसांत मिळेल ते काम. त्याचा उजवा गुडघा दुखत होता. डोक्यावर विटा घेऊन चालताना पाय लचकायचा. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला आला. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी खुब्याचा काढला, तोही चांगला. गोळ्या घेतल्या की आठवडा बरा जायचा. भट्टीमालकाकडून उचल घेतलेली, त्यामुळे घरी बसायची सोय नव्हती. पाड्यावर बोलणे सुरू झाले की हा कामचुकार झाला आहे. फोटोत काही नाही म्हटल्यावर त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही. त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक जुने तपासणी कार्ड होते आणि त्यावर ‘सिकलसेल’ असे लिहिले होते. त्याचा पायाच्या दुखण्याशी काही संबंध असेल असे घरात कोणाच्याही मनात आले नव्हते.

आता खुब्याकडे येऊ. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते, लहान पेरूएवढे. हा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत बसलेला असतो. उकिडवे बसणे, मांडी घालणे, भात लावताना वाकणे, झाडावर चढणे, सगळे या गोळ्याच्या जोरावर चालते. एवढ्या कामाच्या अवयवाला रक्त मात्र फार बारीक वाटांनी मिळते. हाडाच्या मानेवरून वर चढणाऱ्या काही लहान रक्तवाहिन्या गोळ्याचा बहुतेक भाग पोसतात. त्या बंद पडल्या तर दुसरीकडून भरपूर रक्त येण्याची सोय नाही. रक्त थांबले की गोळ्याच्या आतले हाड मरते. डॉक्टर या आजाराला ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ किंवा थोडक्यात एव्हीएन म्हणतात. उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात याकोबाची जांघ एका रात्रीत सरकते आणि सकाळी तो लंगडत निघतो. एव्हीएनमध्ये असे एका रात्रीत काही घडत नाही. महिनोन्‌महिने आतल्या आत चालते आणि बाहेर फक्त दुखणे येते, तेही कित्येकदा भलत्याच जागी. खुबा आणि गुडघा यांच्याकडे जाणाऱ्या काही नसा सामाईक आहेत. त्यामुळे बिघाड खुब्यात असताना माणूस गुडघा धरून बसतो. काहींची फक्त जांघ दुखते, काहींची मांडी. आपल्याकडे या सगळ्याला ‘कंबर धरली’ किंवा ‘वात आला’ म्हणून सोडून दिले जाते.

रक्तवाहिन्या बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. मांडीच्या हाडाची मान मोडली तर त्या तुटतात. वर्षानुवर्षांच्या दारूने हे होऊ शकते. स्टेरॉइडच्या औषधांनी होते. करोनाच्या वेळी हे शहरातल्या लोकांनाही कळले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये तीन रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. करोनात स्टेरॉइड घेतल्यावर सुमारे दोन महिन्यांतच त्यांचे खुबे दुखू लागले होते. वर्तमानपत्रांत तेव्हा या आजाराचे नाव पहिल्यांदा ठळक आले. पण पालघरच्या पाड्यांवर हे दुखणे करोनाच्या आधीही होते, आणि त्यामागचे एक मोठे कारण सिकलसेल आहे.

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा दोष. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल, मऊ आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या कडक होतात आणि कोयत्यासारख्या वाकतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी त्यांचे पहिले वर्णन छापले. भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष असल्याचे १९५२ मध्ये नोंदवले गेले. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबारपासून आपल्या पालघरपर्यंत आदिवासी समाजांत तो आढळतो. दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस ‘वाहक’ असतो आणि सहसा त्याला त्रास होत नाही. दोघांकडूनही आला तर आजार होतो. म्हणून कार्डावर नुसते ‘सिकलसेल’ वाचून घाबरू नये. वाहक की रुग्ण, हे पाहावे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मलाही प्रथम ऐकली तेव्हा उलटी वाटली होती. पश्चिम भारतातील आदिवासींमध्ये सिकलसेलसोबत ‘अल्फा थॅलेसेमिया’ नावाचा दुसरा एक रक्तगुण बऱ्याच जणांत असतो. त्यामुळे त्यांच्या तांबड्या पेशी कमी फुटतात आणि रक्त फारसे उतरत नाही. रुग्ण पांढराफटक दिसत नाही, काम करतो, रक्त चढवावे लागत नाही. आपण म्हणतो, याचा आजार सौम्य आहे. पण रक्तात पेशी जास्त म्हणजे रक्त दाटही जास्त, आणि अशा रुग्णांत खुब्याचे हाड मरण्याचा धोका उलट वाढलेला दिसतो. अमेरिकेतील सिकलसेल रुग्णांच्या मोठ्या पाहणीतून हे १९९१ मध्ये पुढे आले. तेव्हा ‘हिमोग्लोबिन चांगले आहे’ एवढ्यावर खुब्याची चिंता सोडता येत नाही. आमचा हा भाऊ नेमका असाच होता, दिसायला धडधाकट.

मग एक्स-रे चांगला कसा आला? सभासदांच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले हे किरण मांसातून आरपार जातात आणि चुन्याने, म्हणजे कॅल्शियमने, अडतात. फोटोत पांढरे दिसते ते हाडातले कॅल्शियम. हाड मेले म्हणून त्यातले कॅल्शियम दुसऱ्या दिवशी कुठे जात नाही. आपल्या वाडीतला नारळ घ्या. आतले खोबरे कुजले तरी करवंटी तशीच टणक राहते. बाहेरून पाहून नारळ चांगला की वाईट हे कोणी सांगू शकत नाही. मेलेला गोळासुद्धा सुरुवातीला एक्स-रेमध्ये असाच अखंड आणि गोल दिसतो. पुढे शेजारचे जिवंत हाड दुरुस्तीला लागते, कुठे जुने खाते, कुठे नवे थर चढवते, तेव्हा फोटोत पांढरट-काळपट ठिपके उमटतात. त्याला महिने जातात. त्यानंतरची खूण म्हणजे गोळ्याच्या कडेखाली दिसणारी चंद्रकोरीसारखी काळी रेघ. ती दिसली की समजावे, वरचे कवच आतल्या हाडापासून सुटले आहे. मग गोळा चेपतो, वाटी घासली जाते आणि पाय आखूड होतो. म्हणजे साध्या फोटोत आजार स्पष्ट दिसतो तेव्हा बराचसा काळ निघून गेलेला असतो.

म्हणून एक्स-रे निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. पहिला फोटो तोच. मोडलेले हाड, चेपलेला गोळा, पुढे गेलेला क्षय किंवा संधिवात त्यात दिसतो. पण तो नीट काढायला हवा. दोन्ही खुबे एकत्र येतील असा समोरून एक, आणि गुडघे दुमडून मांड्या बेडकासारख्या बाहेर फाकवून दुसरा. ती चंद्रकोर पुष्कळदा या दुसऱ्याच फोटोत सापडते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पिशव्यांत समोरून काढलेला एकच फोटो असतो. गर्दीच्या रुग्णालयात एका टेबलावर रांग लागलेली असते, हे मी समजू शकते. तरी दुसरा फोटो मागायला कोणी लाजू नये.

एमआरआय यंत्र कॅल्शियम पाहतच नाही. ते मोठ्या लोहचुंबकाच्या जोरावर शरीरातल्या पाण्याचा आणि चरबीचा कानोसा घेते. रुग्णालयात सर्रास असणाऱ्या १.५ टेस्लाच्या यंत्रातले चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खुब्याच्या गोळ्यात मज्जा असते, तिच्यात भरपूर चरबी असते. रक्त थांबल्यावर मज्जेत बदल होतो आणि मेलेला भाग व जिवंत भाग यांच्यामध्ये एक सीमारेषा तयार होते. एमआरआयच्या चित्रात ही रेषा नागमोडी पट्टीसारखी उमटते, नकाशावर तालुक्याची हद्द काढावी तशी. किती भाग गेला, तो वजन पेलणाऱ्या माथ्यावर आहे की कडेला, हेही मोजता येते. माथ्यावरचा मोठा भाग गेला असेल तर गोळा चेपण्याचा धोका जास्त, कडेचा लहान असेल तर कमी. ही माहिती नुसत्या दुखण्याच्या वर्णनावरून कोणत्याही डॉक्टरांना मिळणार नाही.

आमच्या त्या भावाच्या एमआरआयमध्ये उजव्या गोळ्यात अशी रेषा होती, आणि डाव्यातही, थोडी लहान. डावा खुबा एकदाही दुखला नव्हता. सिकलसेलमध्ये दोन्ही बाजूंना आजार असणे नवलाचे नाही, कारण दोष साऱ्या रक्तातच आहे. त्यामुळे तपासणीच्या चिठ्ठीवर ‘दोन्ही खुबे’ असे लिहून घेणे फार महत्त्वाचे. एकाच बाजूचे लिहिले तर दुसरीसाठी पुन्हा सगळा प्रवास आणि पुन्हा खर्च.

दुसऱ्या तपासण्यांबद्दलही विचारणा होते. सीटी स्कॅन हाडातली बारीक चीर छान दाखवतो, पण मज्जेतला सुरुवातीचा बदल नाही, शिवाय त्यात किरणांची मात्रा एक्स-रेपेक्षा बरीच जास्त. ‘बोन स्कॅन’मध्ये शिरेतून किरणोत्सर्गी औषध देऊन सगळ्या सांगाड्याचे चित्र घेतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या हाडांत इतरत्रही जुने-नवे घाव असतात, त्यामुळे त्याचा अर्थ लावणे अवघड जाते. सोनोग्राफीत सांध्यात साचलेले पाणी दिसते, हाडाच्या आतले नाही. गोळ्याचा आजार लवकर ओळखायचा तर आज एमआरआयलाच तोड नाही.

एमआरआयच्या चित्रावरून सगळे शंभर टक्के उलगडते असेही नाही. सिकलसेलच्या रुग्णांना हाडात जंतुसंसर्गही होतो, आणि आपल्या भागात खुब्याचा क्षय विसरून चालत नाही. ताप असेल, वजन उतरत असेल तर रक्ततपासणी आणि कधी सांध्यातले पाणी सुईने काढून तपासणे लागते. आणि ज्याचा गोळा साध्या एक्स-रेमध्येच सपाट झालेला दिसतो, त्या खुब्यासाठी एमआरआयचा खर्च सहसा वाया जातो. डॉक्टरांच्या सल्ल्याने अशा काही रुग्णांना आम्हीच थांबवले आहे. निधी तुमचा आहे. तो जिथे उत्तर मिळणार तिथेच घालायचा.

लवकर कळले तर काय होते? खोटी आशा मी दाखवणार नाही. मेलेले हाड जिवंत करणारी गोळी नाही. गोळा शाबूत असताना काही डॉक्टर हाडात ड्रिलने भोक पाडून आतला दाब कमी करतात. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फक्त सिकलसेलच्या रुग्णांवर केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनंतर ही शस्त्रक्रिया अधिक व्यायाम आणि नुसता व्यायाम यांत फारसा फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, म्हणून तो शेवटचा शब्द नव्हे. माझ्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम, काही महिने कुबडी, डोक्यावरचे ओझे बंद, हे पाड्यावरसुद्धा करता येते. सोबत सिकलसेलचे उपचार, म्हणजे भरपूर पाणी पिणे आणि डॉक्टरांनी दिली असतील तर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या न चुकवता घेणे. गोळा चेपून गेला आणि दुखणे सहन होईना, तर कृत्रिम खुबा हाच उपाय उरतो. साठीच्या माणसाला तो आयुष्यभर पुरू शकतो. तिशीतल्या माणसाला पुढे तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता असते, आणि सिकलसेलमध्ये प्रत्येक शस्त्रक्रियेला भूल, रक्त आणि संसर्ग यांची जास्त काळजी घ्यावी लागते. गोळा जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे कमाईची.

या भावाच्या बाबतीत पहिला उपयोग कागदाचाच झाला. डॉक्टरांनी ‘डोक्यावर ओझे वाहू नये’ असे लिहून दिले. ते आणि ती चित्रे घेऊन आमचे कार्यकर्ते भट्टीवर गेले. उचल माफ झाली नाही, पण त्याला विटा वाहण्याऐवजी बसून साच्यात माती भरण्याचे काम मिळाले. घरी बायकोने ती काळी फिल्म उजेडात धरून पाहिली आणि सासूला दाखवली. कामचुकार हा शब्द त्या घरात तरी बंद झाला.

एमआरआयला नेताना काय करावे लागते, हेही सांगते, कारण तुमच्यापैकी काही जण रुग्णांना सोबत करता. अंगावरचा प्रत्येक धातू उतरवावा लागतो. पैंजण, जोडवी, बांगड्या, चांदीचा करगोटा, दंडातला ताईत, गळ्यातला क्रूससुद्धा. करगोटा कपड्याखाली असतो आणि सांगायचे राहते. हृदयाला पेसमेकर असेल, जुन्या शस्त्रक्रियेत पट्टी-स्क्रू बसवलेले असतील किंवा लोखंडकामात डोळ्यात कण गेला असेल, तर आधी तंत्रज्ञाला सांगायलाच हवे. खुब्याच्या तपासणीला साधारण अर्धा तास लागतो, सहसा इंजेक्शन लागत नाही, किरणेही नसतात. यंत्र मात्र ठोकल्यासारखा मोठा आवाज करते. एका मावशीला वाटले की भट्टीत घालत आहेत. त्या उठून बाहेर आल्या आणि तारीख गेली. त्यामुळे आता आम्ही पाड्यावरच जमिनीवर झोपवून, शेजारी पत्र्याचा डबा वाजवून सराव घेतो. मुले हसतात, रुग्णही हसतो, आणि पुढे यंत्रात शांत पडून राहतो.

महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत दर कमी असतात पण तारीख लांबची मिळते. खासगी केंद्रात लगेच होते पण काही हजार रुपये लागतात. आम्ही आधी पहिला मार्ग पाहतो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, जिथे सिकलसेलवर अनेक वर्षे काम चालते. जव्हार-मोखाड्याहून तिथे जायचे म्हणजे एसटी, मग लोकल, आणि दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी बुडते. जमाखर्चातल्या त्या ओळीत हा प्रवास आणि जेवणही धरलेले आहे.

आपल्या वाड्यांमध्ये कामाला येणाऱ्या भावाबहिणींकडे जरा लक्ष द्या. वयाच्या विशी-तिशीत जो लंगडतो, ज्याला पूर्वी मांडी घालून बसता यायचे आणि आता येत नाही, जो जांघ किंवा गुडघा सारखा चोळतो, त्याला सिकलसेलची तपासणी झाली आहे का, एवढे विचारा. सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या आदिवासींची तपासणी होते. आजार निघाला आणि पाय दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवताना ते कार्ड हातात द्या. कार्ड पाहिले की एक्स-रे चांगला असला तरी डॉक्टर पुढचा विचार करतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड घेऊन आधी भेटावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलचे नाव आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो.

आणि फिल्म जपून ठेवा. कुडाच्या घरात पावसाळ्यात दोन फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना चित्र निघून येते. प्रत्येक फिल्ममध्ये कोरा कागद घालून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आढ्याला टांगून ठेवायला सांगा. वर्षभराने नवा फोटो निघेल तेव्हा डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील, जुना कुठे आहे?